घाम वाळल्यावर अंगावर उरणारे मीठ

मे महिन्याच्या दुपारी वर्धा, यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या बस स्थानकावर एसटीतून उतरणाऱ्या वाहकाच्या पाठीकडे पाहिले, तर खाकी सदऱ्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा हमखास दिसतात. कानशिलांवर, भुवयांच्या वर आणि मानेच्या घड्यांत तीच पांढरट पूड साचलेली असते आणि तिच्यावरून बोट फिरवले तर बारीक खरखर जाणवते. याउलट डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारा माणूस त्याच महिन्यात घामाने चिंब होतो, त्याचा सदरा पाठीला चिकटतो, पण अंगावर अशी पूड क्वचितच दिसते. मी नोकरीची वर्षे वर्ध्यात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीला आलो. त्यामुळे हा फरक माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे, आणि ‘तिकडच्या माणसांच्या घामात मीठच जास्त असते’ हे त्याचे स्पष्टीकरण मला कधीच पटलेले नाही. पांढऱ्या रेघांवरून घामातल्या मिठाचा हिशेब मांडणारे लोक हवेकडे पाहायचे विसरतात, असे माझे मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

आपल्या त्वचेत साधारणपणे २० ते ४० लाख स्वेदग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथीचा तळाचा भाग वेटोळे घातलेल्या नळीचा असतो आणि तेथून एक अरुंद नलिका त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत येते. वेटोळ्यात जो द्रव प्रथम तयार होतो, त्यात सोडियमचे प्रमाण जवळजवळ रक्तद्रवाइतकेच, म्हणजे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (मिलिमोल हे पदार्थातल्या कणांच्या संख्येचे माप) असते. हाच द्रव जसाच्या तसा बाहेर पडला असता, तर उन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या शरीरातले मीठ थोड्या दिवसांतच धोक्याच्या पातळीखाली गेले असते. तसे होत नाही, कारण वर येताना नलिकेच्या भिंती त्यातले सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेतात, आणि पाणी मात्र पुढे जाऊ देतात. बाहेर येणाऱ्या घामात म्हणूनच सोडियम लिटरमागे बहुधा २० ते ८० मिलिमोलच उरते. घाम सावकाश झिरपत असेल तर नलिकेला ओढून घ्यायला सवड मिळते आणि घाम फिका होतो. तो जोरात वाहू लागला की तीच नलिका अपुरी पडते आणि घाम खारट होतो. हा काटकसरीपणा सर्व प्राण्यांत असतो असे नाही. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहूनही खारट असतो, आणि त्यातल्या लॅथरिन नावाच्या प्रथिनामुळे त्याला फेस येतो. टांग्याच्या घोड्याच्या साजाखाली जो पांढरा फेस आणि नंतर पांढरा थर दिसायचा, तो या दोन्हींचा मिळून झालेला असे.

मधला आकडा म्हणून लिटरमागे ४० मिलिमोल धरले, तर एक लिटर घामात सुमारे २.३ ग्रॅम मीठ निघते, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही थोडे कमी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या मानाने घाम अगदीच फिका म्हणायला हवा. डोळ्यांतले अश्रूसुद्धा ताज्या घामापेक्षा खारट असतात, कारण त्यांतले क्षार जवळपास रक्ताइतकेच असतात. हे ऐकून वर्गातली मुले नेहमी हरकत घेत, की मग घाम डोळ्यांत गेला की डोळे का चुरचुरतात? त्याचे कारण असे, की कपाळावरून ओघळत डोळ्यापर्यंत येणारा थेंब ताजा राहिलेलाच नसतो. वाटेत त्यातले बरेचसे पाणी उडून गेलेले असते आणि आधी वाळलेल्या घामाचे मीठही त्याने वाटेतूनच गोळा केलेले असते, त्यामुळे डोळ्यात उतरतो तो घट्ट झालेला खार असतो, आणि कपाळाला काही लावलेले असेल तर तेही त्याच्यासोबत उतरते. ओठांवर आलेला घाम जिभेला खारट लागतो तोही याच कारणाने.

मिठाखेरीज घामात आणखी काय असते, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. पोटॅशियम असते, पण ते लिटरमागे ४ ते ८ मिलिमोल, म्हणजे सोडियमच्या मानाने थोडेच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याहूनही कमी असतात, तर लोह, जस्त आणि तांबे केवळ नावापुरते. लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे क्षाररूप) आणि युरिया मात्र लक्षात घेण्याजोग्या प्रमाणात असतात. तेव्हा अंगावर उरणाऱ्या पांढऱ्या थरात मुख्यत्वे साधे मीठच असते आणि त्यात लॅक्टेट, युरिया व थोडे पोटॅशियमचे क्षार मिसळलेले असतात. हा थर काचेच्या पट्टीवर उतरवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मिठाचे घनाकृती स्फटिक ओळखू येतात. युरियाचे प्रमाण बरेच असेल तर मिठाचे स्फटिक घनाऐवजी अष्टफलकाच्या आकाराचे होतात, हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रोमे द लिल याने १७८३ मध्येच मूत्रातून मीठ स्फटिकवून नोंदवले होते. घामातले युरिया मात्र त्याला पुरेसे पडत नाही.

घाम गाळल्याने शरीरातली ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात आणि अंगावरचा पांढरा थर म्हणजे तीच घाण होय, असे बाष्पस्नानाच्या जाहिराती सांगतात. हे खरे मानायला काहीही आधार नाही. रक्त गाळण्याचे काम मूत्रपिंडे करतात, आणि त्यांच्या तुलनेत घामावाटे जाणाऱ्या टाकाऊ पदार्थांचा वाटा नगण्य आहे. मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी झाली आणि रक्तातील युरिया फारच वाढले, तर मात्र घाम वाळल्यावर खरोखरच युरियाचे स्फटिक चेहऱ्यावर आणि मानेवर दवासारखे गोठून दिसू लागतात. वैद्यकात या लक्षणाची जुनी नोंद आहे. डायलिसिसची सोय झाल्यापासून ते क्वचितच पाहायला मिळते. ती पांढरी पूड चवीला मिठाची नसते, आणि तिच्यामुळे शरीर शुद्ध झाले असे तर मुळीच म्हणता येत नाही.

आता थराच्या जाडीचा एक छोटा हिशेब करून पाहू. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरले आणि एक लिटर घाम अंगभर सारखा पसरून जागच्या जागी वाळला असे मानले, तर २.३ ग्रॅम मीठ इतक्या क्षेत्रावर पसरेल. मिठाची घनता लक्षात घेता या थराची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरहून किंचित अधिक येते. केसाची जाडी त्याच्या शंभरपट म्हणता येईल. इतका पातळ थर डोळ्यांना दिसायलाच नको. तो दिसतो, कारण मीठ अंगभर सारखे पसरतच नाही. घाम ओघळतो, खळग्यांत आणि घड्यांत थांबतो, लव आणि केसांच्या कडेला अडकतो, आणि वाळतानाही प्रत्येक डबक्याची कडा आधी वाळते. त्यामुळे मीठ थोड्याच ठिकाणी गोळा होते, तेथे स्फटिक मोठे होतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे पांढरे दिसतात. आपल्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ते गोऱ्या कातडीपेक्षा चटकन नजरेत भरतात, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

विदर्भ आणि कोकणपट्टी यांच्यातल्या फरकाचे मर्म मात्र ७५ या आकड्यात आहे. साध्या मिठाचे संपृक्त द्रावण, म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही असे द्रावण, ज्या हवेशी तोल राखून असते, त्या हवेची सापेक्ष आर्द्रता नेहमीच्या तापमानाला सुमारे ७५ टक्के असते. हवा त्याहून कोरडी असेल तर द्रावणातले पाणी उडत राहते आणि शेवटी कोरडे स्फटिक उरतात. हवा त्याहून दमट असेल तर कोरडे मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून घेते आणि पाझरू लागते. पावसाळ्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी ओली होते ती यामुळेच, आणि मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर तिला त्याहून कितीतरी कमी आर्द्रताही पुरते. मे महिन्यातल्या दुपारी विदर्भात आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. अशा हवेत घामाला त्वचेवर दिसायलाही फुरसत मिळत नाही; तो ग्रंथीच्या तोंडाशी येतो न येतो तोच उडतो आणि मीठ तेवढे मागे ठेवतो. नागपूरकडची माणसे ‘आम्हाला घामच येत नाही’ असे म्हणतात, ते या अर्थाने चुकीचे आहे आणि प्रसंगी घातकही, कारण घाम येत असतो, फक्त तो दिसत नसतो, आणि तहान लागेपर्यंत शरीरातले बरेच पाणी निघून गेलेले असते.

मुंबईच्या परिसरात मे महिन्यात दुपारची आर्द्रता सत्तरच्या घरात राहते आणि पहाटे ती त्याहूनही वर चढते. घाम येतो, पण तो उडायला हवा जागा देत नाही. जसजसे थोडे पाणी उडते तसतसा उरलेला घाम खारट होतो आणि खारट द्रावणातले पाणी उडायला आणखी कठीण जाते. त्यात लॅक्टेट आणि युरिया हे दोन्ही पाणी धरून ठेवणारे पदार्थ आहेत. त्वचा मऊ राहावी म्हणून मलमांमध्ये ते मुद्दाम घालतात ते उगाच नव्हे. या सगळ्याचा परिणाम म्हणजे मुंबईकरांना परिचित असलेली ती चिकचिक, जी नुसत्या पाण्याची नसून घट्ट झालेल्या खाराची असते. त्वचेचे तापमान सहसा हवेपेक्षा थोडे जास्त असल्यामुळे ७५ टक्क्यांची मर्यादा अंगावर तंतोतंत लागू होत नाही, आणि पंख्याखाली स्वस्थ बसले तर मुंबईतही कपाळ कोरडे होते, हे मान्य करायला हवे. पण खुंटीला टांगलेल्या सदऱ्याला हवेचेच तापमान मिळते, आणि तेथे हा नियम स्पष्ट दिसतो. संध्याकाळी काढलेला आणि रात्रीपर्यंत बऱ्यापैकी वाळलेला सदरा सकाळी हाताला पुन्हा ओलसर लागतो. रात्री हवेतली आर्द्रता वाढते आणि कापडात शिरलेले मीठ ते पाणी ओढून घेते. वर्ध्यात हाच सदरा सकाळी वाळलेल्या पापडासारखा कडक होऊन हातात यायचा.

शिवाय दमट हवेत घामाचा मोठा भाग उडण्याऐवजी खाली गळतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. गळून जमिनीवर पडलेला थेंब यातले जवळजवळ काहीच करत नाही, मात्र आपल्या वाट्याचे मीठ तो सोबत नेतो. त्यामुळे असा विरोधाभास घडतो, की सदऱ्यावर एकही पांढरी रेघ नसलेल्या डोंबिवलीच्या हमालाने पांढऱ्या पाठीच्या वाहकापेक्षा अधिक मीठ गमावलेले असू शकते. फक्त त्याचे मीठ फरशीवर, गमछात आणि कमरेच्या पट्ट्यात गेलेले असते.

कापडावरच्या रेघांचे शास्त्र थोडे वेगळे आहे. सांडलेल्या कॉफीच्या थेंबाचा डाग वाळताना मध्ये फिका आणि कडेला गडद का होतो, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केला. ओल्या डागाच्या कडेला पाणी सर्वाधिक वेगाने उडते, ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी सतत कडेकडे धावते आणि आपल्यातले कण तेथे नेऊन सोडते. सदऱ्याच्या पाठीवरही हेच होते, फक्त तेथे सुताचे धागे पाणी ओढून नेण्याचे काम आणखी सोपे करतात. घामाचा ओला पट्टा जेथे संपतो तेथे मिठाची रेघ उमटते. माणूस सावलीत बसला की ती वाळते, पुन्हा उन्हात राबायला गेला की नवा घाम जुन्या रेघेतले काही मीठ विरघळवून आणखी पुढे ढकलतो, आणि दुसरी रेघ तयार होते. भरतीच्या रेषांसारख्या एकात एक दिसणाऱ्या या रेघांवरून त्या माणसाने दिवसभरात किती वेळा काम थांबवून विसावा घेतला याचा थोडाफार अंदाज करता येतो, पण किती मीठ गेले याचा नाही.

पेण, उरण किंवा वसईच्या मिठागरांत मीठ पिकवताना पाणी आटत जाते तसे आधी चुनखडीचे क्षार, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ खाली बसते, आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू पाणी उरते, जे आगरी मंडळी बाजूला काढतात. घामात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम इतके कमी, की असे टप्पे पडतच नाहीत. मीठ बसते आणि वर लॅक्टेट-युरियाचा ओलसर अंश राहतो. अंगावरची पूड बाजारातल्या मिठाइतकी स्वच्छ कोरडी वाटत नाही आणि चवीला किंचित कडवट लागते, त्याचे कारण हे असावे.

उन्हाची सवय होणे म्हणजे काय, हेही या मिठाशी जोडलेले आहे. थंड जागेतून आलेला माणूस रोज उन्हात काम करू लागला, की साधारण एक ते दोन आठवड्यांत त्याला घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण तो फिका होत जातो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्वेदग्रंथीच्या नलिकांना अधिक सोडियम राखायला लावते. त्यामुळे चैत्रातल्या पहिल्या कडक उन्हातला घाम वैशाखातल्या घामापेक्षा खारट असण्याचा संभव अधिक, आणि बाहेरगावाहून लग्नाला आलेल्या पाहुण्याचा घाम गावातल्या शेतमजुराच्या घामापेक्षा खारट असण्याचाही. म्हणजे विदर्भातल्या माणसाच्या घामात मीठ जास्त असते, या समजुतीच्या अगदी उलट गोष्ट खरी ठरू शकते. व्यक्तीव्यक्तींतला फरकही मोठा असतो. एकाच शेतात, एकाच कामावर असलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या घामात दुसऱ्याच्या दुपटीने मीठ असू शकते, आणि त्यात आजाराचे काहीही नसते.

मीठ खरोखर किती गेले, ही बाब क्षुल्लक नाही. ब्रिटनमधल्या खोल आणि उष्ण कोळसा खाणींतल्या कामगारांना पोटाचे आणि पायांचे असह्य गोळे येत, त्याचा अभ्यास के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. घामाने मीठ जात होते आणि भरपाई मात्र नुसत्या पाण्याने होत होती. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर गोळे कमी झाले. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या उघड्या कोळसा खाणींत मे महिन्यात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे कैरीचे पन्हे, मीठ-जिरे घातलेले ताक आणि ज्वारीची आंबील ही उन्हाळ्याची पेये चालत आली आहेत, आणि त्यांत पाणी, मीठ व थोडी साखर किंवा पिष्ट एकत्र असते, हा केवळ चवीचा भाग नाही. दुसऱ्या टोकाला, नुसतेच पाणी प्रमाणाबाहेर पिण्याचेही दुष्परिणाम आहेत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याची सूचना देण्याइतके घसरलेले आढळले, आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढेपर्यंत द्रव पिण्याशी दिसून आला.

परंतु यावरून सदऱ्यावर पांढरी रेघ दिसली की मिठाची गोळी खावी, हा जो सल्ला अलीकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत पसरतो आहे, तो मला अनाठायी वाटतो. तासभर चालून गेलेले दोन-तीन ग्रॅम मीठ घरी आल्यावर आमटी, लोणचे आणि पापड यांतून भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगितले आहे आणि आपण भारतीय सरासरीने त्याहून बरेच जास्त खातो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने तर पाठीवरच्या रेघा पाहून स्वतःच मिठाचा डोस ठरवू नये. सवाल वेगळा आहे तो दिवसभर राबणाऱ्यांचा; शेतात, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर ज्यांचा पाच-सहा लिटर घाम जातो, त्यांचे दहा-पंधरा ग्रॅम मीठ जाऊ शकते, आणि त्यांच्या डब्यात भाकरीसोबत मीठ-मिरचीचा ठेचा असतो तो त्या दृष्टीने योग्यच आहे.

अंगावरचे मीठ एका बाबतीत मात्र खरोखर काहीतरी सांगते, आणि ते लहान मुलांच्या बाबतीत. ज्या बाळाच्या कपाळाचा पापा घेतला असता खारट लागतो ते फार जगत नाही, अशी समजूत युरोपात कित्येक शतके होती. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे ते वर्णन होते, हे विसाव्या शतकात कळले. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा ऊन लागून दवाखान्यात आलेल्या बाळांमध्ये या आजाराची बाळे लक्षात येण्याइतकी अधिक होती. पॉल डी सांट आग्नेसे यांनी पुढे १९५३ मध्ये दाखवले, की या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असते. नलिकेतली क्लोराइड परत ओढणारी वाट, जिला आता सीएफटीआर या नावाने ओळखतात, त्यांच्यात बिघडलेली असते, त्यामुळे वेटोळ्यातला खारट द्रव जवळजवळ तसाच बाहेर येतो. गिब्सन आणि कुक यांनी १९५९ मध्ये पिलोकार्पिन हे औषध आणि अगदी सौम्य विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने हातावर घाम आणून तो तपासण्याची पद्धत रूढ केली, आणि आजही निदानासाठी तीच वापरतात. घामात क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक आढळले तर या आजाराचे निदान बळावते. हा आजार भारतात नाहीच असे एकेकाळी मानले जाई. तो कमी असला तरी आहे, आणि वारंवार छाती भरणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या बाळाच्या अंगावर घाम वाळून मिठाचे कण दिसत असतील, तर आईवडिलांनी ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या कानावर अवश्य घालावी.

त्वचेला या मिठाचा उपद्रव होतो तो दोन प्रकारे. लांब पल्ल्याच्या पदयात्रेत मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत कातडी घासली जाते, तेव्हा मधले बारीक स्फटिक घर्षण वाढवतात आणि सालपट निघालेल्या जागेला तेच मीठ झोंबते. आषाढी वारीत चालणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. ज्यांना मुळात इसबाचा त्रास असतो, त्यांची खाज घाम अंगावर वाळू दिल्याने वाढते, म्हणून त्यांनी घाम आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन टाकणे हिताचे असते. घामोळ्यांना मात्र लोक मिठाचा दोष देतात तो बरोबर नाही. ती नलिकांची तोंडे बुजून घाम आत कोंडल्यामुळे येतात.

मीठ अंगावरून वस्तूंवर जाते, तेव्हा त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो. पितळ किंवा तांब्याच्या खोट्या दागिन्याखाली कातडी हिरवट होते, ती तांब्यावर घामातल्या क्लोराइडची आणि आम्लांची क्रिया होऊन बनलेल्या क्षारांमुळे. घड्याळाच्या तळातले किंवा बक्कलमधले निकेल घामात थोडेथोडे उतरते आणि ज्यांना त्याचे वावडे असते त्यांच्या मनगटावर पुरळ उठते. वाजवून झाल्यावर सतारीच्या तारा कोरड्या फडक्याने पुसण्याची शिस्त वादक पाळतात, कारण बोटांचे क्लोराइड पोलादावर गंज चढवते. बोटांच्या टोकांवर घामाच्या ग्रंथी दाट असल्यामुळे प्रत्येक स्पर्शाबरोबर मिठाचा ठसा उरतो, आणि जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले त्याआधीपासूनच कागदावरचे अदृश्य ठसे सिल्व्हर नायट्रेटने उठवता येतात हे माहीत होते. क्लोराइडपासून सिल्व्हर क्लोराइड बनते आणि उजेडात ते काळे पडते. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरच्या पोलीस दलात काम करणाऱ्या जॉन बाँड यांनी २००८ च्या सुमारास दाखवले, की पितळी काडतुसावरचा ठसा पुसून टाकला तरी मिठाने धातूवर केलेली झीज मागे राहते आणि तिच्यावरून ठसा परत मिळवता येतो.

हे मीठ काही जीवांना हवेही असते. वनस्पतींत सोडियम फार थोडे असल्यामुळे पानाफुलांवर जगणाऱ्या कीटकांना त्याची कायम चणचण भासते. सह्याद्रीतल्या वाटेवर पाऊस ओसरल्यावर चालताना फुलपाखरे हातावर, टोपीवर आणि पाठपिशवीच्या पट्ट्यावर येऊन बसतात आणि सोंड फिरवत घामाचे मीठ शोषतात; बारीक मधमाश्यांच्या काही जातीही तेच करतात. ओल्या चिखलावर थव्याने बसून क्षार पिण्याची त्यांची सवय, जिला निरीक्षक चिखलपान म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार. बहुतेक वेळा हे करणारी फुलपाखरे नर असतात, आणि मिळालेले सोडियम ती मीलनाच्या वेळी मादीला देतात, जे पुढे अंड्यांच्या कामी येते. अशा वेळी हात झटकू नये, एवढेच मी नातवंडांना सांगतो.

शेवटी कपड्यांविषयी थोडे, कारण घरातल्या मंडळींचा मला विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असतो. पांढरी रेघ मिठाची असल्यामुळे ती साध्या, थंड पाण्यात पूर्ण विरघळते. सदरा साबणाच्या पाण्यात टाकण्याआधी नुसत्या पाण्यातून दोनदा पिळून काढला तरी पुरते, आणि गडद सुती कपड्यांना तर रोज एवढे केलेले बरे, कारण मीठ धाग्यांत राहिले तर दमट हवेत कापड नीट वाळत नाही. काखेत पडणारे पिवळे डाग हे मात्र मिठाचे नव्हेत. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतले ॲल्युमिनिअमचे क्षार, घामातली प्रथिने आणि त्वचेचे तेल यांच्या एकत्र येण्याने ते पडतात, नुसत्या पाण्याने जात नाहीत, आणि गरम पाण्यात टाकले तर आणखी पक्के बसतात; त्यांना आधी थंड पाणी आणि मग डाग काढणारी पूडच लागते.